तीन नंबरची खोली

आमच्या घरातल्या तीन दारांवर मी स्वतःच्या हाताने आकडे रंगवले. एक, दोन आणि तीन. माझं अक्षर मुळातच बरं नाही, त्यात तिनाचा आकडा तर वाळत घातलेल्या कोळंबीसारखा उमटला. पण पाहुणे आकडा बघायला थोडेच येतात, ते तारकर्लीचा समुद्र बघायला येतात, असं म्हणून मी ब्रश धुऊन टाकला. त्या तिसऱ्या दाराआड माझ्या मुलीचं टेबल होतं. ब्रश धुताना ते माझ्या ध्यानात नव्हतं असं म्हटलं, तर बायको हे वाचून हसेल.

"सुट्टीपुरताच गो," मी मुलीला सांगितलं होतं. सुट्टीपुरतं म्हणजे आधी दिवाळी. मग नाताळ. मग दर शनिवार-रविवार, आणि एखादा सोमवार जोडून आला तर तोही. मुलगी तेव्हा आठवीत होती. पाहुणे आले की तिची पुस्तकं स्वयंपाकघरातल्या फडताळात जात, मसाल्याच्या बरण्यांशेजारी. भूगोलाची वही तपासताना बाईंना दोनदा शिंका आल्या, असं ती सांगते. पाहुणे गेले की पुस्तकं परत खोलीत. मग खुर्चीत वाळू सापडे, अभ्यासाच्या वेळापत्रकावर कुणीतरी होडीवाल्याचा नंबर लिहिलेला असे. एकदा कुणी तिच्या कर्कटकाने कालवांचे शिंपले उघडायचा प्रयत्न केला होता. शिंपले उघडले नाहीत आणि कर्कटकाचं टोक गेलं.

माझी बहीण बांद्याला दिलेली. तिची मुलं नोकरीसाठी गोव्यात गेली, घर मोकळं पडलं. ती एकदा येऊन हे सगळं बघून गेली आणि जाताना म्हणाली, "नववीक चेडवाक माझ्याकडे धाड रे. थयसर निदान टेबल तरी मेळतला तिका."

मी हसण्यावारी नेलं. पण नाताळानंतर मुलीनेच विषय काढला.

"बाबा, माका बांद्याक धाडा. आत्येकडे."

"कित्याक गो? हय काय कमी आसा तुका?"

हातातल्या धुतलेल्या उशांच्या खोळी तिने दोरीवर घातल्या आणि आत गेली.

आता माझा एक दोष सांगतो. मला कुठलीही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाहुणे जेवायला बसले की मी वाढता वाढता किस्से सांगतो, आणि पाहुणे माशांइतकेच त्या किश्श्यांवर खूश असतात, असा माझा समज आहे. त्या दिवशी मी हाच किस्सा सांगितला. "आमची मुलगी आमच्यावर रुसून बांद्याला निघाली आहे," वगैरे, हातवारे करून. हशा चांगला आला. मुलगी तेव्हा सोलकढी वाढत होती. तिने सगळ्यांच्या वाट्या भरल्या, एक माझी तेवढी सोडली.

आमच्या ग्रामपंचायतीत मुलांच्या हक्कांसाठी एक समिती आहे. तिच्यावर मला घेतलं आहे, कारण मी बोलका आहे आणि सहीसाठी केव्हाही सापडतो. जानेवारीत शाळेत बालसभा भरली. मी मुलांना हक्क समजावून सांगितले. जगण्याचा, विकासाचा, संरक्षणाचा. चौथा काही आठवेना. ग्रामसेवकांनी शेजारून "सहभागाचा" असं सुचवलं आणि मी तो मोठ्याने म्हणून टाकला.

मग मुलांनी आपले प्रश्न मांडायचे होते. एकही मूल उठेना. सभा पडते आहे असं बघून मी म्हटलं, "अरे, लाजतास कित्याक? देवळात घालतत तसा गाऱ्हाणा घाला!" आमच्याकडे देवळात एक जण सगळ्यांच्या वतीने देवाला विनवणी करतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. पोरांना हे पाळण्यापासून पाठ. आपण केवढी मोठी युक्ती काढली, या आनंदात मी होतो.

माझी मुलगी उठली. तिने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ही सगळी लेकरां तुझ्याकडे एक गाऱ्हाणा घेवन इली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या घरात पाव्हण्यांका तीन खोल्ये आसत आणि आमका एक कोनो पण नाय."

"व्हय म्हाराजा!" आता आवाज चढला. वाडीत पाहुणे ठेवणारी घरं आमच्यासारखी आणखीही आहेत, आणि त्या घरांतली सगळी पोरं समोर बसली होती.

"पाव्हण्यांक च्या नेवन देवक, चादरी बदलूक, समुद्राची वाट दाखवक आमका हाक मारतत. तुझी परीक्षा कधी, ता कोण इचारणत नाय."

"व्हय म्हाराजा!"

"पाव्हणे नको, असा आमचा म्हणणा नाय. पाव्हणे येवंदेत, घर चलांदे. पण आमची जागा कोणाक देवची झाली, तर आदी आमका इचारूची बुद्धी आमच्या आवशी-बापाशीक दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शाळेच्या छपराचे पत्रे हादरले. देवाचं एक बरं असतं, गाऱ्हाणं ऐकून त्याला लगेच उत्तर द्यावं लागत नाही. मला द्यायचं होतं. ग्रामसेवक म्हणाले, "वा, फारच छान! सदस्यांनी यावर दोन शब्द बोलावेत." मी उठलो. घसा साफ केला. "सदर बाबीवर विचार करण्यात येईल," एवढं म्हणून खाली बसलो. स्वतःच्या मुलीला मी "सदर बाब" म्हटलं होतं.

घरी बायकोला बातमी माझ्याआधी पोचली होती.

"विचार करण्यात येतलो म्हणे. कोण करतलो तो? तुमी?" ती नारळ खवत होती. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. "माझा पण चुकला. चेडू हाताशी आसा म्हणान मी चादरींक माणूस बघूक नाय."

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली होती आणि तिन्ही खोल्या एकाच कुटुंबाने घेतल्या होत्या. मी आधी पळवाट काढून बघितली. मुलीला म्हटलं, "तुझा टेबल माळ्यार लावया? वारो बरो येता."

"माळो बांद्याक पण आसा," ती म्हणाली. "थयसर पाव्हणे नसतत."

ती खरंच जाईल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिला जायचं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं, कारण बोलताना ती माझ्याकडे न बघता फडताळातली पुस्तकं नीट लावत होती, आधीच नीट असलेली.

मी त्या पाहुण्यांना फोन केला. तीन नंबरची खोली मिळणार नाही, मुलीचा अभ्यास आहे. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "अहो, पण आम्ही तीन धरून चाललोय." मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी तिन्ही खोल्या रद्द केल्या.

"बरा झाला," बायको म्हणाली. "तीन दिस मी झोपान काढतंय." आणि काढले.

पुस्तकं परत नेताना मी बरण्यांचा वास जावा म्हणून वह्या उन्हात घातल्या. नवा कर्कटक आणला. शेजाऱ्याने त्याच्या घरात अजून काही बदललेलं नाही, पण त्याचा धाकटा मुलगा आता संध्याकाळी पाटी-दप्तर घेऊन आमच्या तीन नंबरात येतो. मुलगी त्याच्याकडून पाढे म्हणवून घेते आणि त्याच्यावर ओरडते. बांद्याचं मात्र तिने काही सांगितलं नाही. मी विचारलं की "बघतंय" म्हणायची. मग मी विचारणंच सोडलं. माझ्यासारख्याला ते किती जड गेलं असेल, ते ओळखीच्यांना कळेल.

परीक्षा झाली. बहिणीचा फोन आला, "काय ठरला रे? शाळेत सांगूक व्हया." एरवी मी पंधरा मिनिटं बोललो असतो. त्या दिवशी मी फोन नेऊन मुलीच्या हातात दिला. तिने तो घेतला आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो. ऐकू काही आलं नाही, एकदा ती हसली तेवढंच.

दार उघडलं. "आत्येक सांगलंय, मे म्हयन्यात चार दिस र्‍हवाक येतंय."

"आणि शाळा?"

"शाळा हयच." मला काही बोलायला मिळायच्या आत ती पुढे म्हणाली, "त्या चार दिसांत खोली देवा पाव्हण्यांक. माझी हरकत नाय."

मी नको तितका खूश झालो. तेवढ्यात तिने परत दिलेला फोन वाजला. येत्या शनिवारी एक आणि दोन भरल्या आहेत म्हटल्यावर दोन माणसं तीन नंबरची खोली मिळेल का विचारत होती. मी फोनवर हात ठेवून मुलीला विचारलं, "शनिवारी दोगे जण येतत म्हणतत. देवया?"

तिने विचार केला. बराच वेळ केला.

"नाय," ती म्हणाली आणि पुन्हा दार लोटून घेतलं.

मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "माफ करा, त्या खोलीत माणूस राहतं."