मागच्या तलावाचा हीटर

मास्तरीणबाईंचं निम्मं आयुष्य पोरांना पोहायला शिकवण्यात गेलं होतं. आवाज असा खणखणीत, की गळ्यातली शिट्टी नुसती शोभेला. पण थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला आणि बाईंचा आवाजच बसला.

दादाला कोमट पाण्यात व्यायाम द्या, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी जलतरण केंद्राच्या व्यवस्थापकांच्या मागे लकडा लावून मागचा कोरडा पडलेला छोटा तलाव भरून घेतला. उरला हीटर.

हीटर बसवायला बोलावलेले फिटरकाका मोजायची टेप गुंडाळून तलावाच्या खोलीतल्या मोडक्या खिडकीपाशी थांबले. "नुसतं पाणी किती ते बघून भागत नाही, बाई. वरून वारा सगळी ऊब पळवतो. इथे मोठाच लागेल. पण यायला वेळ लागेल."

"छोटा उद्या मिळतोय," व्यवस्थापक म्हणाले. "तलाव तरी केवढासा!"

दादाने ऐकलं आणि जड जिभेने म्हणाला, "छोटा... आण." त्याला धीर नव्हता. बाईंनाही नव्हता. छोटा बसला.

पहिल्या सकाळी पाणी छान कोमट होतं. बाईंनी दादाला धरून उतरवलं. त्याचा पाय पाण्यात हलका झाला, चेहराही. तेवढ्यात वारा सुटला. खिडकीतून झोत थेट पाण्यावर. हीटर घरघरत होता, पण पाणी हळूहळू गार पडायला लागलं. बाईंच्या पोटऱ्यांना ते जाणवलं.

"दादा, चल वर."

"अजून... थोडं."

"चल म्हणते ना!"

बोलेपर्यंत त्याचा पाय लाकडासारखा ताठला. तो कलंडला, डोकं पाण्याखाली गेलं. बाईंनी बुडी मारून त्याला काखेत धरलं आणि कठड्याकडे ओढलं. दादा खोकत होता, डोळे पांढरे. "काका!" बाईंनी अशी हाक मारली, की हीटर तपासायला आलेले फिटरकाका धावतच आले. दोघांनी मिळून त्याला वर घेतलं.

दादा वाचला, पण पाण्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायचा. बाईंनी तलावाला कुलूप लावलं. व्यवस्थापक कुरकुरले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मोठा येईपर्यंत कुणी उतरणार नाही. खिडकीही बुजवा."

मोठा आला. बाहेर वारा घोंघावत असतानाही पाणी दिवसभर तसंच राहिलं. बाईंनी दादाला काठावर खुर्चीत बसवलं आणि स्वतः उतरल्या. बोलावलं नाही. बराच वेळ गेला.

मग दादाने चांगल्या पायातली चप्पल काढली. अंगठा बुडवला. काढला. पुन्हा बुडवला.

"सोडू... नको हं," तो म्हणाला.

बाईंनी दोन्ही हात पुढे केले.