फुग्याला दिलेला डाग

आज नातू अंगणात मोटारसायकलचा कार्बोरेटर पेट्रोलनं धूत बसला होता. त्या वासानं मी थेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कारंजा गावाजवळच्या आमच्या भाजीच्या मळ्यात जाऊन पोचले.

बाळंतपणासाठी माहेरी आलेली माझी नणंद गोदा अडली होती. तिला अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचं, तर आमचा जुना ट्रक सुरू होईना. रहीमचाचा मिस्त्रींनी कार्बोरेटर खोलला. आत येणारं पेट्रोल बेतात ठेवणारा पोकळ पितळी फुगा फुटला होता.

"कथलाचा डाग देऊन देतो भाऊ, पण भरोसा नाही. नवाच टाकाले पाह्यजे."

"या लढाईत नवा कुठी भेटते चाचा? द्या डाग," माझे मालक, गोदाचे भाऊ, म्हणाले.

तेव्हा मला तो त्यांचा निर्णय वाटला होता. आज वाटतं, निवडायला काही नव्हतंच.

ट्रक निघाला. गोदाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. धनजच्या पुढे आचके देत ट्रक थांबला आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल गळू लागलं. मालकांनी फुगा काढून कानाशी हलवला. डाग सुटून आत पेट्रोल शिरलं होतं. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. उन्हात गोदाचं कण्हणं मंदावत गेलं, मग थांबलं. तिचा हात माझ्या हातात गार पडला.

मालक खाली वाकून फुगा पुसत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "राहू द्या आता. घाई नाही राह्यली."