तीन पोती रद्दी आणि लग्नाचं लॉन

उभ्या नोकरीत मी वर्दीत असताना आनंदाने ओरडलो तो एकदाच. तेही कात्रजच्या पलीकडे एका अंगणात, रद्दीच्या ढिगात मांडी घालून. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. मोठमोठ्या खुनांचे तपशील विसरायला लागलोय, पण ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना माझ्या खोलीत पाठवलं. पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. नाव सांगणार नाही, वधूपिता म्हणू. त्यांनी टेबलावर लग्नपत्रिका ठेवली. मला वाटलं, आमंत्रण.

"अभिनंदन," मी म्हणालो. "पण बंदोबस्तामुळे यायला जमेलच असं नाही."

"येऊ नकाच साहेब. लग्न नऊ दिवसांवर आलंय आणि लग्नाला जागाच नाही."

पत्रिकेवर जागा तर छापलेली होती, घाटापलीकडच्या एका रिसॉर्टचं लॉन. वधूपित्यांनी दिवाळीनंतर एका हॉलिडे क्लबचं सभासदत्व घेतलं होतं. दर वर्षी सात दिवस त्या रिसॉर्टमध्ये खोली, अशी पंचवीस वर्षं. शिवाय सभासदाच्या घरच्या एका कार्याला लॉन फुकट, असं त्यांना सांगितलं होतं. आता रिसॉर्टवाले म्हणत होते, अशी सवलत आमच्याकडे नाहीच. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मुलाकडची मंडळी नगरहून यायची होती, आणि घरात अजून कुणाला पत्ता नव्हता.

"मुलीला काय तोंडाने सांगू?" एवढं म्हणून ते रडायलाच लागले.

खरं सांगतो, मला आधी रागच आला. या क्लबच्या सभासदांचे अर्ज माझ्याकडे दोन महिने येतच होते. एकाला खोलीबरोबर गोव्याचं विमान तिकीट हवं होतं. एक आजोबा अख्खा हास्यक्लब घेऊन रिसॉर्टच्या दारात उभे राहिले होते, सभासदाचे पाहुणे फुकट म्हणून. एका बाईंची अपेक्षा होती की रिसॉर्टने न्यायला गाडी पाठवावी, आणि ती मागच्या वेळेपेक्षा मोठी असावी. मागच्या वेळीही गाडी आलेली नव्हतीच! वर्षातून सात दिवसांची खोली घेतली की माणसाला वाटतं, डोंगरासकट सगळं आपल्या नावावर झालं. करारात मात्र स्वच्छ लिहिलेलं असायचं की तोंडी आश्वासनं बंधनकारक नाहीत. मी अर्जावर 'दिवाणी स्वरूप', म्हणजे पोलिसांचं काम नाही, असा शेरा मारायचो आणि चहा मागवायचो.

"लेखी आहे का काही?" मी सवयीने विचारलं.

"होतं ना! त्या मुलाने माझ्यासमोर पॅडवर एकेक सवलत लिहिली, तिच्याभोवती गोल काढला. मी करारावर सही केली आणि त्याने तो कागद फाडून स्वतःकडे ठेवला. म्हणाला, फाइलला लावतो काका."

माझ्या हवालदारबाई शेजारच्या टेबलावर टिपण लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, विमान तिकीटवाल्यांनीही हेच सांगितलं होतं. पॅडवर लिहिलं आणि कागद ठेवून घेतला."

जुने अर्ज काढले. चार अर्जांत तोच पॅड, तोच फाडलेला कागद. एका माणसाचा गैरसमज होऊ शकतो. पण चार अनोळखी माणसं एकाच पॅडबद्दल खोटं कशाला बोलतील? लिहून भुलवायचं आणि लिहिलेलं ठेवून घ्यायचं, म्हणजे फसवण्याचा इरादा पहिल्यापासूनच. आणि मी शहाणा, दोन महिने शेरे मारत बसलो होतो! चहा तसाच टाकून मी उठलो.

त्या विक्रेत्या पोराला ठाण्यात बोलावलं. टाय, चकचकीत बूट, आणि जिभेवर मध. "सर, आम्ही फक्त ब्रोशर दाखवतो. पॅडवर हिशोबाची आकडेमोड असते, ती श्रेडरमध्ये जाते. कंपनी पॉलिसी आहे सर."

"लॉन देतो म्हणाला होतास?"

"सर, कोणती कंपनी लग्नाला लॉन फुकट देईल? कॉमन सेन्स आहे ना."

पंचाईत हीच होती, की त्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं. कोर्टातही वाटलं असतं. कागदाशिवाय माझ्या हातात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन आम्ही क्लबच्या ऑफिसात झडतीला गेलो. कपाटं रिकामी, टेबलं साफ. कोपऱ्यात श्रेडर होतं खरं. हवालदारबाई त्याच्याकडे गेल्या, वाकल्या, आणि हसल्या. "साहेब, हे बघा की." यंत्राच्या तोंडावरचं थर्माकोल अजून निघालेलं नव्हतं. वायरला कंपनीचं रबर तसंच. त्या यंत्राने जन्मात एक चिटोरा खाल्ला नव्हता.

मग कागद जातात कुठे? फरशी पुसणाऱ्या एक मावशी आमच्या बुटांकडे नाराजीने बघत उभ्या होत्या. मी त्यांनाच विचारलं.

"कुठं जात्यात म्हंजे? माझ्या घरी. हितली रद्दी माझी हाय."

"विकली?"

"दिवाळीच्या तोंडाला इकते, एकदम. तवर माळ्यावर."

हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दाराशी उभ्या असलेल्या त्या विक्रेत्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. जीपपर्यंत मी पळत गेलो हे मला नंतर ड्रायव्हरने सांगितलं.

मावशींचं घर कात्रजच्या पुढे, घाटाच्या अलीकडे. माळ्यावरून तीन गच्च पोती खाली आली. भर उन्हाळ्याची दुपार, अंगणात आंब्याची सावली, समोर दोन पंच. पोती ओतली आणि मी हरखलोच. कागदच कागद! प्रत्येकाच्या माथ्यावर नवराबायकोचं नाव, खाली सवलतींची यादी, भोवती गोल. विमान तिकीट. हास्यक्लबचे पाहुणे. मोठी गाडीसुद्धा! पंचनामा लिहिता लिहिता हवालदारबाईंचं पेन संपलं, मग पंचांचं घेतलं. पण वधूपित्यांचा कागद काही सापडेना. एक पोतं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या तळाशी आलो तेव्हा हात काळे झाले होते आणि कंबर बोलायला लागली होती.

"साहेब!"

हवालदारबाईंच्या हातात तो कागद होता. वधूपित्यांचं आडनाव, पाच सवलती, आणि सहावी ओळ: 'कन्येचे लग्न – लॉन'. पुढे लाल पेनाने बरोबरची खूण, 'ओके', आणि त्या पोराची सही. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

मग मात्र मी कागद पुन्हा वाचला. पाच ओळी घाईघाईने खरडलेल्या होत्या. सहावी सावकाश, सुबक, प्रत्येक अक्षरावर सरळ रेघ दिलेली. हे वळण मी कुठेतरी पाहिलं होतं. ठाण्यात येऊन वधूपित्यांचा तक्रार अर्ज शेजारी ठेवला. तेच अक्षर.

त्यांना बोलावून दोन्ही कागद पुढे केले. "अहो, हे कुणी लिहिलंय?"

त्यांनी सहाव्या ओळीवर बोट ठेवलं. "मीच. तो म्हणाला, काका, अजून काही राहिलंय का? आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, त्याने खूण केली. नाही म्हणाला नाही हो साहेब!"

"लॉन खरंच मिळतं का, हे पत्रिका छापण्याआधी एकदा रिसॉर्टला फोन करून विचारावं, असं वाटलं नाही?"

"वाटलं होतं. रोज वाटायचं. पण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते."

माझा राग तिथेच उतरला.

तोच कागद विक्रेत्यापुढे ठेवला. टाय सैल झाला. "सर, आम्ही काय देतो ते लोक ऐकतच नाहीत. त्यांना काय हवंय ते तेच सांगतात. आम्हाला ट्रेनिंगच तसं आहे. पेन त्यांच्या हातात द्यायचं आणि नाही म्हणायचं नाही." ट्रेनिंग देणाऱ्या मॅनेजरचं नावही त्याने सांगितलं. त्याच संध्याकाळी फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आणि दोघांना अटक केली. लॉनची चौकशी केली, तर त्या दिवशी ते एका कारखान्याच्या समारंभाला कधीच दिलेलं होतं. गुन्हा उघडकीला आला, पण लॉन काही मिळणार नव्हतं. लग्नाला आठ दिवस उरले होते.

मी वधूपित्यांना म्हणालो, "आता घरी जा आणि सांगा. हे काम मी तुमच्यासाठी करू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी ते मुलीला घेऊन आले. पुरवणी जबाब होता, आणि मावशींचाही जबाब चालू होता. मुलीने आपल्या वडिलांचं ते सुबक अक्षर पाहिलं. मला वाटलं, आता भडका उडणार.

"बाबा, मला लॉन कधी हवं होतं?" ती म्हणाली. "आपल्या पार्किंगमध्ये मांडव घालू. सगळ्यांना मेसेज मी पाठवते." तिने तिथेच, माझ्या टेबलाशी बसून, मोबाइलवर पत्रिका दुरुस्त केली. विश्रांतवाडीतली आमची सोसायटी, गाड्या बाहेर लावा, ही विनंती. एवढा मोठा डोंगर दहा मिनिटांत सपाट!

सही करताना मावशींनी विचारलं, "साहेब, माझी रद्दी कवा मिळंल?"

मुद्देमाल आहे, खटला संपेपर्यंत नाही, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. वधूपिता एकदम म्हणाले, "मावशी, तुमची रद्दी मी भरून देईन."

आम्ही सगळे हसलो. आणखी एक तोंडी आश्वासन! मी म्हणालो, "लिहून द्या, आणि कागद या वेळी त्यांच्याकडे राहू द्या."

मावशी हसल्या नाहीत. मी त्यांना विचारलं, त्या ऑफिसात सगळ्यांना नुसत्या थापा, मग तुम्हाला रद्दी कशी मिळाली? त्या म्हणाल्या, "पयल्या दिवशीच इचारलं, रद्दी कुणाची? हापिसातले साहेब म्हणले, तुझी. म्या त्याच दिवशी उचलून नेली. दुसऱ्या दिवसाची वाट कशाला बघायची?"

फसवणुकीची कितीतरी प्रकरणं मी हाताळली. फसवणाऱ्यांच्या युक्त्या तोंडपाठ झाल्या होत्या. पण त्या यादीतली शेवटची ओळ बऱ्याचदा फसणाऱ्याच्याच अक्षरात असते, हे मला त्या कागदाने शिकवलं. तेव्हापासून कुणा फसलेल्यावर चिडण्याआधी मी स्वतःला विचारतो, आपण कुठला फोन करायचं टाळतोय? प्रामाणिकपणे सांगतो, उत्तर मिळतं.

लग्नानंतर महिन्याभराने मावशी पुन्हा एका जबाबासाठी ठाण्यात आल्या. मी चहा मागवला आणि भीतभीतच विचारलं, "काय मावशी, आले का ते गृहस्थ?"

"आले की. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, टेंपो घिऊन. तीन पोती पेपर मोजून दिले. वर उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा, लॉनच्या नावाच्या." त्यांनी बशीत चहा ओतला. "कागद जाड हाय साहेब. वजनाला लई भरतो."