गॅरेजात नेट आलं तेव्हा

आमच्या घराला गॅरेज आहे, गाडी नाही. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याकडे जमिनीचे भाव चढायला लागले, तेव्हा बाबांना वाटलं की आता घरोघरी मोटारी येणार. त्या वेळी ते रेल्वेत नोकरीला होते. सिलतऱ्याच्या एका कारखान्यातून ओळखीनं जाड पत्रे आणून त्यांनी अंगणाच्या पार टोकाला, घरापासून सुटं, एक गॅरेज उभं केलं. मोटार काही आली नाही. बाबांची स्कूटरसुद्धा तिथे कधी उभी राहिली नाही, कारण शटर उचललं की त्यांच्या कमरेत उसण भरायची. मग तिथे महालक्ष्म्यांच्या, साड्या नेसवून उभ्या करायच्या पत्र्याच्या कोठ्या गेल्या, जुन्या गाद्या गेल्या, बिघडलेला कूलर गेला, आणि शेवटी मी गेले.

मी इंदूरचं सासर सोडून आले होते. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. तो माझ्याशी बोलत नव्हता, वर्षानुवर्षं. हे कारण सांगायला इतकं अडचणीचं आहे की ऐकणारा पुढचं वाक्य येईल म्हणून वाट पाहत बसतो. आईबाबांनी ते कोणाला सांगितलंच नाही. आधी सांगितलं की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून पोरगी आली. ऑपरेशन झालं, आई चालायला लागली, आणि ती गोष्ट शिळी झाली. मग जावई दुबईला गेले. मी हे स्वयंपाकघरातून ऐकलं. आई हॉलमध्ये भजनाच्या बायकांना सांगत होती, तेही पगाराच्या आकड्यासकट. चाळिशी उलटलेली मी कणीक मळत उभी होते आणि बाहेर जावं की इथंच थांबावं हे कळत नव्हतं. थांबले.

इंदूरला मी शाळेत गणित शिकवायचे. इथे शाळांना तरुण मुली हव्या होत्या. पण लॉकडाऊननंतर घरून ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या, त्यांतल्या एकीनं मला मुलाखतीला बोलावलं. ही नोकरी मला फार हवी होती. ती मिळाली की मी शहरात कुठेतरी एक खोली घेणार होते, जिथे माझ्याबद्दल कोणाला काही सांगावं लागणार नाही. बाबांच्या पेन्शनीवर बसून खाणारी आणि दुबईच्या पगारावर मिरवणारी बाई, दोन्ही मीच, याची मला इतकी लाज वाटायची की मी भाजी घ्यायलासुद्धा भरदुपारी, रस्ता रिकामा असताना जायचे.

पहिली मुलाखत मी हॉलमधून दिली. मधेच भजनाच्या बायका आल्या आणि टाळ काढून बसल्या. दुसरी तारीख मिळाली. तेव्हा आई म्हणाली, "तू गॅरेजात काहून नाही बसत? इथं बाया येतात, तू दिवसभर घरातच दिसते, मग विचारून राहिल्या मले." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती लसूण सोलत होती. मी लॅपटॉप उचलला, गाद्या सरकवल्या आणि कोठ्यांशेजारी खुर्ची टाकली.

नेट हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. गॅरेजात त्याची एक काडी दिसायची, शटर खाली केलं की तीही जायची. दुसऱ्या मुलाखतीत माझा आवाज तुटत तुटत गेला आणि समोरची मुलगी, "मैम, आप सुन पा रही हैं?" एवढंच विचारत राहिली. तिनं आणखी एक तारीख दिली. ही शेवटची, हे तिनं फार गोड आवाजात सांगितलं.

हे मी घरात सांगितलं आणि बाबा पेटले. मी परत आल्यापासून त्यांना माझ्यासाठी करण्यासारखं काही सापडलंच नव्हतं, आता सापडलं. आधी त्यांनी राउटर प्लास्टिकच्या टोपलीत घालून खिडकीच्या गजाला टांगला. गॅरेजाच्या दारापर्यंत दोन काड्या आल्या, पण शटर खाली केलं की आत शून्यच. मग ते बाजारात जाऊन एक डबी घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, ही सिग्नल पुढे ढकलते. बाबांनी ती गॅरेजाच्या आत, कूलरवर लावली. पण आत सिग्नल येतच नव्हता, तर ती ढकलणार काय? डबीवर लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. बाबा चष्मा पुसून पुसून त्याच्याकडे पाहत होते. शेवटी त्यांनी हाताच्या मुठीनं भिंतीवर ठोकलं. जाड पत्रा घंटेसारखा वाजला.

"लोखंड आहे ना," ते म्हणाले. "मीच आणलं. चांगलं जाड पाहून आणलं." मग म्हणाले, "वायर टाकू. पाइपातून, जमिनीखालून. अन् इथं आत दुसरा राउटर बसवू."

मजूर लावायला ते तयार नव्हते. मजूर आला की गल्लीला कळणार, गल्लीला कळलं की विचारणार. म्हणून सत्तरी ओलांडलेले माझे बाबा सकाळच्या उन्हात बनियनवर अंगण खणायला बसले आणि मी मागे पाइप धरून उभी राहिले. भिंतीपलीकडचे शेजारी छत्तीसगढी, सज्जन माणूस, दात घासता घासता डोकावले.

"का करत हव, बाबूजी?"

"कैमरा लगवा रहा हूँ," बाबा म्हणाले. "चोरी बहुत बढ़ गई है."

"हव, बने करत हव," ते शाबासकी देत म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून हसले. मीही हसले. ते आत गेले. बाबा मान खाली घालून खणत राहिले. संध्याकाळी ते खरोखरच एक कॅमेरा घेऊन आले, आत काहीच नसलेला, नुसता दिसायला, आणि गॅरेजाच्या कोपऱ्यावर ठोकला. आई म्हणाली, छान दिसतो. आमच्या घरात खोटंसुद्धा नीटनेटकं करतात.

नेट आलं. दुसऱ्या राउटरवर हिरवे दिवे लागले, लॅपटॉपवर सगळ्या काड्या भरल्या. बाबांनी मला नागपूरच्या मामीला व्हिडिओ कॉल लावायला लावला, फक्त चित्र अडकतं का ते पाहायला. अडकलं नाही. बाबांचा चेहरा असा फुलला होता की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून मी चहा केला.

इथे आमच्या घरची एक सवय सांगायला हवी. रायपूरला राहणारी आमच्यासारखी विदर्भातली माणसं मराठी पडद्यासारखी वापरतात. साडीच्या दुकानात दुकानदार समोर साड्या उलगडत असतो आणि आई हसऱ्या चेहऱ्यानं म्हणते, "लुबाडून राहिला हा, उठ तू." डॉक्टरसमोर बाबा म्हणतात, "ह्याले काही समजत नाही, दुसरीकडे दाखवू." नागपूरला गेलं की ही जीभ आवरावी लागते, तिथं सगळ्यांनाच कळतं. इथे परतलो की पुन्हा मोकळी. समोरच्याला कळत असेल, हा विचार आमच्या मनाला शिवतही नाही. भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेली मराठी घरं या शहरात काय कमी आहेत? पण त्यांची पोरं हिंदीत बोलतात, म्हणून आम्ही त्यांना मोजत नाही.

तिसऱ्या मुलाखतीला दुपारी मी शाळेत जाताना नेसायचे तशी साडी नेसले, शटर अर्धं खाली केलं आणि बसले. बाबा आत आले आणि लॅपटॉपच्या मागे, गाद्यांवर बसले.

"बाबा, तुम्ही जा ना."

"मी दिवे पाहतो. तू बोल. मी नाही बोलत."

रेल्वेच्या आवाजात नोकरी काढलेल्या माणसाचे कान मंद असतात आणि कुजबुज मोठी. हे मला माहीत होतं. तरी त्यांना उठवायला जीव होईना. एवढं खणलं होतं त्यांनी.

तीच मुलगी होती. केस मागे बांधलेली, विशीच्या पुढची, हसरी. आवाज लख्ख येत होता, माझाही तिला लख्ख जात होता. तिनं तसं म्हटलंसुद्धा. बाबांनी मागून हाताचा अंगठा दाखवला. तिनं शिकवण्याबद्दल विचारलं, मी बोलले, छान बोलले. मग तिनं सहज विचारलं, "मैम, क्लास शाम की रहेंगी, रसोई के टाइम पर. घर में किसी को दिक्कत तो नहीं? हसबैंड वगैरह?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. ते त्यांच्या मते कुजबुजले.

"सांग, जावई दुबईले आहेत म्हणून. सोडून आली म्हणू नको. अशा बाईच्या हाती कोणी आपली पोट्टी नाही देत."

मी त्या मुलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी होतं, फक्त डोळे किंचित खाली गेले होते. मला वाटलं, काहीतरी वाचत असेल. आणि मी म्हणाले, "मेरे हसबैंड दुबई में हैं. कोई दिक्कत नहीं."

माझ्या स्वतःच्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं होतं. इतके दिवस आई सांगायची, बाबा सांगायचे, मी फक्त गप्प बसायचे आणि त्या गप्प बसण्याला स्वतःशी प्रामाणिकपणा म्हणायचे. आता तेही गेलं.

तिनं पुढे काही विचारलं नाही. गुणोत्तर शिकवून दाखवा म्हणाली. मी पोह्यांचं आणि शेंगदाण्यांचं उदाहरण घेतलं, तिनं मुद्दाम चुका केल्या, मी त्या दुरुस्त केल्या. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. शेवटी ती म्हणाली, "बहुत अच्छा पढ़ाती हैं आप. सोमवार से शुरू कर लीजिए." मी आभार मानले. मग ती जरा अडखळली.

"मैम, एक बात. हसबैंड का मैंने बस टाइमिंग के लिए पूछा था. और कुछ नहीं. मैं भी रायपुर की हूँ. हमारे घर में मराठी ही बोलते हैं. मेरे से बोलते नहीं बनता, पर समझती सब हूँ. अंकल को मेरा नमस्ते बोलिएगा."

ती दयाळूपणे बोलली होती. तिला वाटलं असेल, न सांगता ऐकून घेतलं हे लपवणं बरं नाही. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी "जी" म्हणाले. स्क्रीनवर मी स्वतःच दिसत राहिले, एका कोपऱ्यात, मागे महालक्ष्म्यांच्या कोठ्या घेऊन बसलेली एक खोटारडी बाई. मग ती गेली आणि मी लॅपटॉप मिटला.

बाबा गाद्यांवरच बसून होते. तिचं शेवटचं बोलणं त्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं.

"झालं?" ते म्हणाले. "नेट नाही तुटलं ना? काय म्हणे ती?"

न सांगता भागलं असतं. सोमवारपासून काम आहे, एवढंच म्हटलं असतं तर ते खूश होऊन आईला सांगायला गेले असते. पण आत्ताच एक खोटं बोलून मी बसले होते, त्याची चव अजून तोंडात होती.

"तिला मराठी समजतं, बाबा. तिच्या घरी बोलतात."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

"म्हणजे मी बोललो थे ऐकलं तिनं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. आणि मी दुबई म्हटलं, तेपण."

त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, आता त्यांना लाज वाटतेय, आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हटलं, होऊ दे, वर्षभर मी एकटीच वाहतेय, थोडी तुम्हीपण उचला. ते माफी मागतील असंही वाटून गेलं. मी माफ करायच्या तयारीत होते, वाक्यसुद्धा जुळवत होते.

"मग नाही म्हणे?" त्यांनी विचारलं.

"नाही, घेतलं. सोमवारपासून ये म्हणाली."

बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, दुःखही नव्हतं. नुसतं आश्चर्य होतं, लहान मुलासारखं, आणि त्यात आनंद मिसळलेला होता.

"माहीत होऊनबी घेतलं तुले?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. अंगण खणणारा, माझ्यासाठी ऊन डोक्यावर घेणारा हा माणूस मला घेण्यासारखी समजत नव्हता, आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पण ओरडता आलं नाही. ती मुलगी 'सोमवार' म्हणाली आणि मागून सगळं समजतं असं म्हणाली, तेव्हा माझ्याही ओठांवर हेच आलं होतं. मी तिला विचारणारच होते, तरीही? फक्त तिच्यासमोर तोंड उघडायची लाज वाटली म्हणून गिळलं होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "तरी घेतलं."