उशिरा फुललेलं क्लोव्हर

मर्टल दक्षिणेच्या गार किनाऱ्यावरून लग्न होऊन पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, मेंढ्यांच्या मुलखात आली. सासरच्या कुरणातलं क्लोव्हर, म्हणजे मेंढ्यांच्या चाऱ्याचं तिपानी रोप, खुरटं, जमिनीला चिकटलेलं. माहेरचं कसं दाट, घोट्याच्या वर. तिने नवऱ्यामागे, रेगमागे, टुमणं लावलं आणि अखेर ओढ्याकडचं मोठं कुरण नांगरून माहेरचं बी पेरलं. सासरे क्लेम आधी कुरकुरले. पण पावसावर हिरवंगार रान उठलं, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच कौतुकाने दाखवू लागले.

तिकडे हिवाळा जुलैत येतो; त्या साली तो नावालाच आला. शेजारच्या आयव्हीबाईंचं जुनं क्लोव्हर ऑगस्टच्या लहान दिवसांतच फुललं. मर्टल रोज गुडघ्यांवर बसून पानं बाजूला करून बघायची. एक कळी नाही.

“पोरी, कसली वाट बघतंय हे?” क्लेमनी विचारलं.

“थंडीची, बाबा. आमच्याकडे कडाका पडतो, मग दिवस लांबतो, की हे फुलतं. थंडी पोटभर मिळाली नाही, तर दिवस खूप लांबेपर्यंत अडून बसतं.” पानं परत सारखी करत ती म्हणाली, “हे मला आधी सुचायला हवं होतं.”

फुलं आली ती ऑक्टोबर सरता सरता, आणि मागोमाग वाळवंटाकडचा तापलेला वारा. या क्लोव्हरच्या शेंगा मातीत शिरतात, पुढल्या साली तिथूनच कुरण उठतं. यंदा त्या धरायच्या आतच फुलं करपली. क्लेमनी बोटाने माती उकरून पाहिली आणि हात झटकले.

पुढल्या पावसावर तिथे नुसतं तण आलं. चाऱ्याअभावी निम्म्या मेंढ्या विकाव्या लागल्या. क्लेमनी उभ्या आयुष्यात निवडून-निवडून जोपासलेला कळप तो. ट्रकमध्ये त्यांनी स्वतःच त्या चढवल्या. त्या दिवसापासून ते ताट घेऊन ओसरीवर जेवू लागले.

“तू काही मुद्दाम केलं नाहीस,” रेग म्हणाला.

“मुद्दाम केलं असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या त्यांनी.”

त्या उन्हाळ्यात मर्टलने आयव्हीबाईंच्या रानातून जुन्या क्लोव्हरच्या शेंगा मातीसकट खराट्याने गोळा केल्या. पेरायच्या दिवशी क्लेम कुंपणाशी येऊन उभे राहिले. मग आत आले, पोत्याचं दुसरं टोक धरलं.

“एवढं दाट नको टाकूस,” म्हणाले.

ते क्लोव्हर वेळेवर फुललं. क्लेम टेबलाशी परतले. गेलेल्या मेंढ्यांच्या तोडीच्या मेंढ्या मात्र पुन्हा कुठे मिळाल्या नाहीत, आणि मर्टलने तो विषय त्यांच्यासमोर कधीच काढला नाही.