'शांतपणे' हा एक शब्द

कालव्याकाठची अर्धी वाट सरली तेव्हा मिस सटक्लिफना धाप लागली. बोटींसाठीच्या पाणफाटकाजवळच्या बाकावर त्या टेकल्या. डोरीनने थर्मासमधला चहा ओतला, आल्याच्या केकचा तुकडा पुढे केला. चॅपलमधली प्रार्थना अकराला, अजून वेळ होता.

"डॉक्टर म्हणतो, नाताळपर्यंत जगाल," मिस सटक्लिफ म्हणाल्या. "त्याच्यावर काय विसंबायचं, तो चहासुद्धा पाणचटच पितो."

गावच्या साप्ताहिकाच्या कचेरीच्या खिडकीवर डोरीनने त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली होती. निधनाच्या बातम्या तिथंच यायच्या. मजकूर ठरलेला: आधी आडनाव, मग तारीख, मग 'पीसफुली', म्हणजे शांतपणे. नावाआधी मिस्टर लावावं तसा हा शब्द सगळे घालायचे. मिस सटक्लिफ मात्र पेन्सिल थांबवून विचारायच्या, "तुम्ही जवळ होता का? खरंच शांतपणे गेले?" बातमी द्यायला आलेला माणूस घुटमळला की शब्द गाळायच्या.

"घाला हो, सगळ्यांचा असतो," लोक चिडून म्हणायचे.

"म्हणूनच," त्या म्हणायच्या. देवाघरी निघालेल्याच्या पाठीमागे खोटं कशाला?

कचेरी दुसरीकडे हलली, आता त्या खिडकीच्या जागी केस कापायचं दुकान आहे. पण तिथून जाताना डोरीनला अजून छपाईच्या शाईचा वास येतो.

"तुला आयडा ॲक्रॉइड आठवते?" मिस सटक्लिफनी विचारलं.

"गिरणीतल्या हर्बर्टची बायको."

"जाताना हर्बर्ट तीन दिवस श्वासासाठी झगडला बिचारा. त्याच्या बातमीत मी तो शब्द घातला नाही. आठवड्याने आयडा आली. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'दुकानात, चॅपलात जो तो विचारतो, पेपरात शांतपणे नव्हतं, फार हाल झाले का? दर वेळी सगळं पुन्हा सांगायचं.' तो शब्द म्हणजे तिच्या दाराची कडी होती, पोरी. मी ती लावू दिली नाही."

"त्यानंतर तुम्ही कुणाला विचारलंच नाहीत. मला वाटलं, वयानं नरमलात."

"नरमले कसली. लाजले होते."

कपातला तळाचा चहा त्यांनी गवतात ओतला.

"व्हिटबीला राहणारी माझी बहीण ईनिड आपला पेपर आला की आधी निधनाचंच पान उघडते. माझ्या वेळी बातमी तू दे आणि तो शब्द घाल. मी कशीही गेले तरी."

"तुम्ही मला खोटं लिहायला सांगताय?"

"नाही गं. त्या दिवशी येऊन माझ्याजवळ बस, म्हणजे खोटं होणार नाही."