स्वेटरातली वीज

वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस मनगटाला पट्टा बांधून बसला होता. पट्ट्याची वायर पार भिंतीतल्या अर्थिंगपर्यंत गेलेली. दावणीला बैल बांधावा तसा. मला म्हणाला, "काका, लांब बसा जरा. लोकरीच्या स्वेटरात वीज साठते. तुम्हाला कळायचंही नाही आणि आतली चिप मरेल."

मी मनात म्हटलं, झालं. मला लांब बसवून हा आतला माल बदलणार. काटा आमच्या हिचा. पापडाचं पीठ ती त्यावर तोलायची. ती गेली, काटा राहिला, आता तोही बंद पडला. स्वेटरही तिनेच विणलेला. तिच्या स्वेटरानं तिचाच काटा मरतो, हे कोणी मानावं?

"आणि तुमच्या अंगातली वीज कुठं जाते?"

"वायरीतून जमिनीत. गुपचूप."

जमिनीत काय गेलं ते कोण उकरून बघणार? लबाडाला सोपं उत्तर. पण स्वेटर काढताना चटचट वाजतो, हेही खरं. मी बाहेर जाऊन तो काढला, बाकावर ठेवला आणि परत येऊन त्या माणसाच्या बोटांवर नजर लावून बसलो. थंडी वाजत होती, तरी हललो नाही.

झाकण बसलं. काट्यावर शून्य उमटलं.

"ठेवून बघा काहीतरी."

"स्वेटर चालेल का तुमच्या चिपला?"

"आता चालेल काका. झाकलीय ती."

बाहेरून स्वेटर आणला, घडी करून काट्यावर ठेवला. आकडा थरथरला, मग थांबला. अंगात असताना तो इतका जड कधी लागला नव्हता.